दोन वर्षं काम केलेली फ्रेशर

आमच्या पेठेतल्या तालमीच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. खाली लाल मातीचा हौदा, वर पत्र्याचं छत, चार लांब टेबलं आणि भिंतीला टेकून ठेवलेली पोलीस भरती, तलाठी भरतीची पुस्तकं. दर रविवारी दहा ते एक मी तिथं बसते. नोकरी शोधणारी मुलंमुली आपला बायोडाटा घेऊन येतात आणि आम्ही तो सगळा उसवून पुन्हा शिवतो. २०२२ च्या दिवाळीनंतर हे सुरू झालं. त्याआधी २४ वर्षं मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात होते, आधी टाइम ऑफिसला, नंतर पर्सोनेलला. पेपरात ऑपरेटरची जाहिरात आली की दोन-तीन दिवसांत टेबलावर अर्जांचा ढीग लागायचा. एका अर्जाला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ मी कधी देऊ शकले नाही. त्या ढिगातली किती कामाची पोरं मी नुसत्या कागदावरून बाजूला सारली असतील, हा विचार निवृत्तीनंतर पाठ सोडेना. म्हणून तालमीच्या अध्यक्षांकडे जाऊन रविवारचं एक टेबल मागून घेतलं.

मुलं जो कागद आणतात तो बहुतेक सारखाच असतो. झेरॉक्सच्या दुकानात तयार नमुना असतो, त्यात नाव आणि मार्क बदलले की झालं. वर मधोमध ‘बायोडाटा’. मग वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, विवाहित की अविवाहित. लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा बायोडाटा एकाच साच्यातून काढलेले असतात, फक्त रास आणि नाडी तेवढी गळलेली असते. त्याखाली इंग्रजीत एक उद्दिष्ट: आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीला हातभार लावणे. शेवटी छंद, ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र आणि ठिकाण कोल्हापूर. मधे, जिथं माणूस दिसायला पाहिजे, तिथं एकच शब्द. अनुभव: फ्रेशर.

या एका शब्दाशी माझं भांडण आहे. का, ते एका मुलीच्या गोष्टीवरून सांगते.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ती आली. राधानगरी रस्त्यावरच्या एका गावची, बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरवर हिशेब ठेवायच्या टॅलीचा क्लास केलेली. कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, मोबाइल नंबर दोन ठिकाणी खोडून लिहिलेला. मी विचारलं, “आजवर काम काय काय केलंयस?”

“काय न्हाई काकू. शिकत होतो की.”

(आमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात. बाहेरची माणसं चमकतात. ते बदलायला मी मुलींना कधीच सांगत नाही. ती आमची भाषा आहे आणि मुलाखतीत ती आड येत नाही.)

मी मग माझा ठरलेला प्रश्न विचारला. “सकाळी उठतेस किती वाजता?”

“पावणेपाचला.”

“एवढ्या लवकर? का गं?”

“डेअरीला जातो न्हवं.”

त्यानंतरचा तासभर मी फक्त ऐकत होते आणि वहीत टिपत होते. गावच्या दूध संस्थेत ती सेक्रेटरींच्या हाताखाली होती, जून २०२३ पासून, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ. १६४ उत्पादक. प्रत्येकाचा कोड नंबर तिला तोंडपाठ. गायीचं आणि म्हशीचं दूध वेगळं, प्रत्येकाचा नमुना मशीनवर लावायचा, फॅट आणि एसएनएफचा (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन घटकांचा) आकडा कॉम्प्युटरवर चढवायचा, चिठ्ठी हातात द्यायची. दर दहा दिवसांनी बिल. त्यातून पशुखाद्याच्या पोत्यांचे पैसे आणि घेतलेली उचल कापायची, उरलेली रक्कम बँकेच्या यादीत घालायची. संकलनाची बेरीज आणि संघाच्या गाडीत गेलेलं दूध यांचा मेळ रोज घालायचा. फॅट कमी लागली म्हणून कोणी आवाज चढवला तर त्याच्यासमोर पुन्हा नमुना लावायचा. महिना साडेतीन हजार पगार.

“हे का नाही लिहिलंस?”

ती खाली बघायला लागली. “त्यात काय लिहायचं काकू? दुधाच्या वासाचं काम. ऑफिसात हसतील.”

मला गलबलून आलं. गोकुळ दूध संघ स्थापन झाला १९६३ मध्ये. तेव्हापासून या जिल्ह्यातली घरं दहा दिवसांच्या दूध बिलावर चालताहेत. इथल्या कुठल्याही हिशेबनिसाला उत्पादक, उचल, कपात हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. अर्ज चाळणारा बघतो ते हेच, की या मुलीनं दुसऱ्यांचे पैसे मोजलेत का, वेळेवर मोजलेत का, आणि भांडण झालं तेव्हा ती जाग्यावर उभी होती का. तिन्हींचं उत्तर होय होतं आणि कागदावर ‘फ्रेशर’ होतं.

आम्ही तो शब्द काढला. त्या जागी तिच्याच तोंडचं लिहिलं: दूध संस्था, संकलन व हिशेब साहाय्यक, जून २०२३ ते आजतागायत. १६४ उत्पादकांच्या दोन वेळच्या दुधाची फॅट-एसएनएफप्रमाणे संगणकावर नोंद. दर दहा दिवसांनी बिले, पशुखाद्य व उचल यांची कपात, बँक यादी. दैनंदिन संकलन व गाडीत गेलेले दूध यांचा ताळमेळ. चार ओळी झाल्या. त्या वाचून तिनं विचारलं, “हे सगळं मी करतो व्हय?”

पहिल्या भेटीत मी आता कॉम्प्युटर उघडतच नाही. वही आणि पेन. घरी जाऊन आठवड्याचा दिनक्रम लिहून आणायला सांगते, उठल्यापासून झोपेपर्यंत. मराठीत, जसं बोलता तसं. इंग्रजीचं नाव काढलं की मुलं आधी शब्द शोधतात आणि काम विसरतात. दिनक्रमात गुऱ्हाळावर गुळाचे रवे मोजून गाडी भरून देणं निघतं, मामाच्या मेडिकलात एक्सपायरीच्या गोळ्या वेगळ्या काढणं निघतं, मंडळाच्या गणपतीची वर्गणी आणि खर्चाची वही निघते. मग माझे प्रश्न: किती? कशावर? कुणाच्या हाताखाली? चुकलं तर काय व्हायचं? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त बोलतात.

आयटीआयची मुलं वेगळी. त्यांच्याकडे काम असतं, पण लिहितात स्वभाव. मेहनती, वक्तशीर, लवकर शिकणारा. एक मशिनिस्ट ट्रेडचा मुलगा आला होता, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत वर्षभर ॲप्रेंटिस केलेला. कागदावर गुणांची यादी. मी म्हटलं, “दादा, सुपरवायझर हे वाचून काय करेल? सगळेच मेहनती लिहितात. तू मशीन कोणती चालवलीस?” व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं मशीन. कंट्रोलर, म्हणजे त्याचा संगणक? फॅनुक कंपनीचा. जॉब कुठला? पंपाचं हाउसिंग, कास्टिंगचं. शिफ्टला किती निघायचे? चाळीस ते पंचेचाळीस. मोजायचास कशानं? व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, सांग. “व्हर्नियरचा ०.०२, मायक्रोमीटरचा ०.०१ मिलिमीटर,” झटक्यात उत्तर. ऑफसेट, म्हणजे माप बरोबर यावं म्हणून मशीनला द्यायची दुरुस्ती, तू देत होतास की ऑपरेटर? “आधी ऑपरेटर. शेवटचे चार महिने मी.” ती शेवटची ओळ त्याच्या सगळ्या कागदात सोन्याची होती आणि ती कुठंच नव्हती. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत माणूस निवडणारा बहुतेकदा शॉपमधलाच असतो. त्याला मशीनचं नाव, कंट्रोलर आणि गेज दिसलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

अलीकडे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलेली मुलंही भेटतात. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा महिन्याचं विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये असं होतं. मुलं योजनेचं लांबलचक नाव ठळक अक्षरात लिहितात आणि थांबतात. सहा महिने ऑफिसात बसून केलं काय, दाखले काढले, जुन्या फायली स्कॅन केल्या, आलेल्या माणसाला बरोबर टेबलापर्यंत नेलं, यातलं एक अक्षर नसतं. योजनेचं नाव एका ओळीत, काम तीन ओळींत, असा आमचा हिशेब आहे.

सुरुवातीला माझं एक चुकलं. एका मुलासाठी मी सुंदर रेझ्युमे केला. तो तालमीतल्या पोरांबरोबर पुरात अन्नछत्रावर होता, म्हणून मी इंग्रजीत लिहिलं की त्यानं पथकाचं नेतृत्व केलं, साठा व्यवस्थापन केलं. भारदस्त शब्द. मुलाखतीत त्याला विचारलं, पथकात किती जण होते, साठ्याची नोंद कशी ठेवायचास. तो गप्प. खरं तर तो भाताची पातेली उचलत होता, ताटं वाढत होता, रात्री बारापर्यंत जागत होता. तेच सांगितलं असतं तर समोरच्याला आवडलं असतं. परत आला तेव्हा रागावला नव्हता, नुसता म्हणाला, “काकू, ते मी न्हाई. ते तुम्ही लिहिलंय.” त्या वाक्यानं मला दोन रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून नियम केला: ज्या ओळीवर मुलाला दोन मिनिटं आपल्या शब्दांत बोलता येत नाही, ती ओळ कागदावर राहत नाही. छापण्याआधी मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवते आणि तो बोलतो. जिथं अडखळतो तिथं आम्ही शब्द खाली उतरवतो.

पुरावरून आठवलं. चिखली-आंबेवाडीकडची, शाहूपुरी कुंभार गल्लीतली मुलं येतात तेव्हा त्यांच्या शिक्षणात एखादं वर्ष रिकामं असतं. २०१९ चा ऑगस्ट किंवा २०२१ चा जुलै. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वर गेली, घरात पाणी, दुकानात पाणी, वर्षाची फी वाहून गेली. मुलं ते वर्ष झाकायला बघतात, तारखा पुढंमागं करतात. मी करू देत नाही. एक ओळ पुरते: २०२१ च्या पुरात घराचे नुकसान, त्या वर्षी कुटुंबाचे दुकान पुन्हा उभे करण्याचे काम. कोल्हापुरातल्या कुठल्याही मालकाला यापुढं विचारायची गरज पडत नाही, त्याचाही माल तेव्हा भिजलेला असतो. ज्यांच्या मार्कलिस्ट भिजल्या त्यांना दुय्यम प्रतीसाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करायला लावते. हे काम मात्र नोकरीची जाहिरात यायच्या आधी उरकावं, नंतर धावाधाव होते.

आता संदर्भ, म्हणजे रेफरन्स. या शब्दाचा आमच्याकडे एकच अर्थ रुळलाय: वशिला. ‘रेफरन्स दोन’ असं लिहिलेलं दिसलं की मुलं नगरसेवकाचं नाव घालतात, कारखान्याच्या संचालकाचं घालतात, एकानं तर आमदारांच्या पीएंचं घातलं होतं. त्यातल्या कोणीही त्या मुलाला काम करताना पाहिलेलं नसतं. मी समजावते की नोकरी देणारा तुझं वजन विचारत नाही, तुझ्याबद्दल खरं सांगणारा माणूस विचारतो. आयटीआयचे निदेशक, प्रोजेक्टचे सर, जिथं सुट्टीत राबलास त्या दुकानाचे मालक, मंडळाचे खजिनदार. घरातला नको, चुलता-मामा तर नकोच. मामाच्याच दुकानात काम केलं असेल तर तिथल्या जुन्या नोकराचं किंवा माल देणाऱ्या एजंटाचं नाव चालतं.

आणि विचारल्याशिवाय नाव घालायचं नाही. यात एका मुलाची नोकरी गेलेली मी पाहिली. त्यानं कॉलेजच्या सरांचं नाव आणि नंबर न विचारता टाकला. कंपनीतून फोन गेला, सर रस्त्यावर गाडी चालवत होते, शेकडो विद्यार्थ्यांतला हा त्यांना नावावरून आठवेना. ते म्हणाले, “या नावाचा मुलगा माझ्या लक्षात नाही.” प्रामाणिकपणे बोलले बिचारे. जागा दुसऱ्याला गेली. म्हणून आता मुलांना प्रत्यक्ष पाठवते, फोनवर नाही. जाताना रेझ्युमेची एक प्रत न्यायची, कुठल्या जागेसाठी अर्ज करतोय ते सांगायचं, कोणत्या वेळी फोन चालेल ते विचारून घ्यायचं, आणि शेवटी स्पष्ट विचारायचं: “सर, माझ्याबद्दल चांगलं सांगता येईल का तुम्हाला?” हा प्रश्न विचारायला मुलांची जीभ वळत नाही. पण समोरचा किंचितसा जरी चाचरला, तरी ते नाव घालायचं नाही हे तिथंच कळतं. नोकरी लागो न लागो, नंतर पेढे नसले तरी एक फोन तरी करायचाच.

कव्हर लेटर म्हटलं की घाबरतात. मी म्हणते, अरे, शाळेत केलेला अर्ज आहे हा. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. दहावीला पाच मार्कांसाठी लिहिलात ना? फरक एवढाच की त्या अर्जात आतलं सगळं खोटं होतं, यात खरं लिहायचं. नेटवरून उतरवलेली पत्रं मी आता वासावरून ओळखते. ‘मी आपल्या प्रतिष्ठित संस्थेत’ अशी सुरुवात आणि कंपनीचं नाव कुठंच नाही, म्हणजे तेच पत्र चाळीस ठिकाणी गेलेलं. अलीकडे मोबाइलवर एआयकडून पत्र लिहून आणतात. ती शुद्ध असतात, पण दहा मुलांची दहा पत्रं एकाच माणसानं लिहिल्यासारखी.

डेअरीच्या त्या मुलीला कागल एमआयडीसीतल्या एका कंपनीची अकाउंट्स असिस्टंटची जाहिरात सापडली होती. पत्राला आम्ही तीन रविवार घेतले, यातलं अतिशयोक्त काही नाही. पहिल्या मसुद्यात दोन पानं, वडिलांच्या आजारपणासकट. तिची नड खरी होती, पण नडीवर नोकरी मागितली की वाचणारा दया करतो किंवा पान उलटतो, आणि मला तिच्यावर कोणी दया करायला नको होती. शेवटचा मसुदा अर्ध्या पानाचा. सुरुवात अशी होती: ‘आपल्या कंपनीतील अकाउंट्स असिस्टंटच्या जागेची जाहिरात वाचली. मी गावच्या दूध संस्थेत दर दहा दिवसांनी १६४ उत्पादकांची बिले तयार करते. बिलाची तारीख आजवर एकदाही चुकलेली नाही.’ पुढं टॅलीचं दोन ओळींत. जीएसटीचं रिटर्न अजून स्वतः भरलेलं नाही, शिकण्याची तयारी आहे, हेही लिहिलं. ते लिहावं की नाही यावर आमचा वाद झाला. लिहायचा आग्रह तिचाच होता. शेवटी कधीपासून रुजू होता येईल ते.

बाकी किरकोळ गोष्टी पटकन सांगून टाकते. आधार नंबर, पॅन, बँक खातं रेझ्युमेवर कधीही घालू नये. ‘किंग’, ‘क्वीन’ असलेला ई-मेल आयडी बदलून नावाचा करावा. फाइलला ‘न्यू फायनल दोन’ असं नाव न देता स्वतःचं नाव आणि जागेचं नाव द्यावं. दोन रकान्यांचे, रंगीत चौकटींचे नमुने टाळावेत. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक वाचतो आणि त्याला चौकटीतला मजकूर धड वाचता येत नाही. ई-मेल रिकामा पाठवून नुसती फाइल जोडू नये, पत्राचा मजकूर तिथंच लिहावा. आणि नोकरीच्या आधी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे पैसे मागणारा कोणीही असला तरी एक रुपया देऊ नये. आमच्या टेबलावर आलेल्या दोन मुलींचे पैसे असे गेलेत, आणि त्यांना घरी सांगायचं धाडस महिनाभर झालं नव्हतं.

तिच्या संदर्भात पहिलं नाव कॉलेजच्या मॅडमचं होतं, दुसरं दूध संस्थेच्या सेक्रेटरींचं. त्यांना विचारायला ती घाबरत होती, कारण ती गेली तर त्यांचीच अडचण. मी म्हटलं, तरी विचार. ते म्हणाले, “पोरी, तू गेलीस तर माझी पंचाईत हाय. पण फोन आला तर सांगतो.”

फोन आला तो नेमका संध्याकाळी, संकलन चालू असताना. नंतर सेक्रेटरींनी स्वतः मला फोन करून हे सांगितलं, माझा नंबर तिच्याकडून घेऊन. ते कंपनीवाल्यांना म्हणाले, दूध घेतोय, अर्ध्या तासानं मीच करतो. आणि केला. पलीकडच्यांनी विचारलं, मुलगी हिशेबाला कशी आहे?

“मी सांगितलं,” सेक्रेटरी म्हणाले, “की एकदा तिच्या हातनं बिलात चूक झालती. एकाची पोत्याची कपात दुसऱ्याच्या नावावर पडली. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध सुरू व्हायच्या आधी तीच वही घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.”

तीन रविवार आम्ही समोरासमोर बसलो होतो. ती चूक तिनं मला सांगितली नव्हती, आणि मीही तिला कधी विचारली नव्हती. ऑगस्टच्या एक तारखेला ती कागलला रुजू झाली.